जीपीएस मुके झाले तर...

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरात, टेक्सास विद्यापीठाच्या एका इमारतीच्या गच्चीवर काही वर्षांपूर्वी एक विलक्षण प्रयोग सुरू होता. उपग्रहावरून इंटरनेट पुरवणाऱ्या 'स्टारलिंक' कंपनीची, बाजारात कोणालाही विकत मिणारी एक अँटेना तिथे बसवली होती आणि तिच्यावरून टेनिसपटू राफेल नदालच्या सामन्यांच्या चित्रफिती सतत चालू ठेवल्या होत्या. त्या पाहण्यात मात्र कोणालाच रस नव्हता. शेजारीच दुसरी एक अँटेना आकाशाकडे तोंड करून उभी होती. चित्रफिती चालू असल्या की उपग्रहाला गच्चीच्या दिशेने अखंड लहरी पाठवाव्या लागत. या लहरींत काय लिहिले आहे, यापेक्षा त्या कशा बांधल्या आहेत, हे विद्यापीठातील संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना शोधून काढायचे होते. ती बांधणी कळली, तर इंटरनेटसाठी सोडलेल्या उपग्रहांवरून जहाजाला, विमानाला किंवा रणगाड्याला 'तू पृथ्वीवर नेमका कुठे आहेस' हे सांगता येणार होते, आणि तेही जीपीएस बंद पडले असताना!

ज्या कामासाठी उपग्रह सोडलेले नाहीत, ते काम त्यांच्याकडून करवून घेण्याचा हा उद्योग गेल्या काही वर्षांत अनेक विद्यापीठांत सुरू आहे. त्यातील बऱ्याच प्रयोगांना लष्कराचे किंवा नौदलाचे अर्थसाहाय्य आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत संरक्षण खात्याला एवढा रस का, हे समजण्यासाठी आधी जीपीएसचे दुखणे समजून घ्यायला हवे.

कुजबुज आणि ढोलताशे

जीपीएस ही मूळची अमेरिकी लष्कराची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये अवकाशात गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह आपापल्या आण्विक घड्याळातील वेळ आणि आपले स्थान सतत प्रक्षेपित करतात. लहर निघाल्याची वेळ आणि ती पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून उपग्रहाचे अंतर कळते. अशी किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळातील चूक या चारही गोष्टींचे उत्तर निघते. प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटीमीटर अंतर कापते. त्यामुळे सारा खेळ घड्याळाच्या अचूकतेचा आहे.

या यंत्रणेचा कच्चा दुवा म्हणजे तिचा आवाज फार क्षीण आहे. एखाद्या घरगुती दिव्याला पुरेल एवढ्याच शक्तीने उपग्रह बोलतो आणि वीस हजार किलोमीटरचा प्रवास करून ती लहर जमिनीवर येते, तेव्हा तिची शक्ती एका वॅटच्या एक कोटी अब्जाव्या भागाच्या आसपास उरलेली असते. विसर्जन मिरवणुकीत ढोलताशांच्या गजरात उभे राहून रस्त्यापलीकडच्या माणसाची कुजबुज ऐकण्यासारखाच हा प्रकार. कुजबुजीचा साचा आधीपासून ठाऊक असल्यामुळे जीपीएसचा ग्राहक ती ओळखू शकतो. परंतु कोणी जवळ येऊन त्याच वारंवारितेवर थोडा मोठा गोंगाट केला, की सारे संपते. याला 'जॅमिंग' म्हणतात. याहून कावेबाज प्रकार 'स्पूफिंग'चा. यात गोंगाट न करता उपग्रहाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली जाते आणि ग्राहकाला खोटे स्थान सांगितले जाते. वाट हरवल्याचे जॅमिंगमध्ये निदान कळते, स्पूफिंगमध्ये तेही कळत नाही.

हे धोके आता कागदावर राहिलेले नाहीत. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या सुमारे २० जहाजांना आपण समुद्रात नसून किनाऱ्यावरील विमानतळावर असल्याचे दिसू लागले. एप्रिल २०२४ मध्ये फिनएअर कंपनीची एस्टोनियातील तार्तू येथे जाणारी विमाने जीपीएसमधील व्यत्ययामुळे न उतरताच परतली आणि कंपनीला या मार्गावरील सेवा महिनाभर थांबवावी लागली. आपल्याकडेही वेगळी परिस्थिती नाही. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात देशाच्या सीमावर्ती भागात अशा व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. त्यातील बहुतेक अमृतसर आणि जम्मू परिसरातील होत्या. प्रवासी विमानांची ही स्थिती असेल, तर प्रत्यक्ष युद्धभूमीवर काय होत असेल याची कल्पना करता येते. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी जीपीएस निकामी करणे ही रोजचीच बाब झाली.

फोडणारेच जोडणारे

टेक्सास विद्यापीठातील 'रेडिओनॅव्हिगेशन लॅबोरेटरी' या प्रयोगशाळेचे नाव प्रथम गाजले, ते जीपीएसची ही कमजोरी जगाला दाखवून दिल्यामुळे. प्रा. टॉड हम्फ्रीज यांच्या नेतृत्वाखालील गटाने जून २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे सरकारी अधिकाऱ्यांसमोर एका छोट्या मानवरहित हेलिकॉप्टरला खोट्या जीपीएस लहरी पाठवून त्याला फसवून दाखवले. पुढच्याच वर्षी भूमध्य समुद्रात ६५ मीटर लांबीची एक आलिशान नौका, तिच्या मालकांच्या संमतीने, विद्यार्थ्यांनी आपल्या मार्गावरून हलकेच बाजूला वळवली. त्यासाठी वापरलेले उपकरण एका ब्रीफकेसएवढे होते. नौकेवरील पडद्यावर मात्र ती आखलेल्या सरळ रेषेतच चालल्याचे दिसत होते!

याच प्रयोगशाळेने पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एक ग्राहक बसवून जगभरातील जॅमिंगचा मागोवा घेतला. सीरियातील एका अतिशय शक्तिशाली व्यत्यय-केंद्राचे नेमके ठिकाण त्यातून अवकाशातूनच शोधून काढता आले. म्हणजे जे आधी कुलूप फोडून दाखवत होते, तेच नंतर चोराचा पत्ता लावू लागले. त्यापुढची पायरी स्वाभाविकच होती, ती म्हणजे फुटणार नाही असे कुलूप शोधण्याची.

जुनी युक्ती, नवे आकाश

उपग्रहाकडून दिशा जाणण्याची कल्पना मुळात एका विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत जन्मली, हे येथे आठवायला हवे. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वायफनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याची 'बीप-बीप' ऐकत बसले होते. फलाटावर न थांबता जाणाऱ्या जलद लोकलचा भोंगा जवळ येताना चढ्या आणि दूर जाताना उतरत्या सुरात ऐकू येतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. स्पुटनिकच्या आवाजातील असाच चढउतार मोजून या दोघांनी त्याची कक्षा शोधून काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी १९५८ मध्ये हा प्रश्न उलटा करून पाहिला. आपले स्थान माहीत असताना उपग्रहाची कक्षा काढता येते, तर उपग्रहाची कक्षा माहीत असताना आपले स्थान का काढता येऊ नये?

या एका प्रश्नातून 'ट्रान्झिट' ही जगातील पहिली उपग्रह दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. पोलारिस क्षेपणास्त्रे वाहून नेणाऱ्या पाणबुड्यांना आपले स्थान कळावे, हा तिचा हेतू होता. १९६४ पासून अमेरिकी नौदलाने ती वापरली आणि जीपीएस स्थिरावल्यावर १९९६ मध्ये ती बंद झाली. ट्रान्झिटचे उपग्रह खालच्या कक्षेत, सुमारे ११०० किलोमीटर उंचीवर होते. म्हणजे आज जे विद्यार्थी खालच्या कक्षेतील उपग्रहांच्या डॉप्लर चढउतारावरून स्थान काढू पाहत आहेत, ते एका अर्थाने आजोबांच्या पेटीतील जुने अवजार पुन्हा बाहेर काढत आहेत. फरक एवढाच, की त्या काळी आकाशात मोजकेच उपग्रह होते. आज एकट्या स्टारलिंकचेच काही हजार उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरत आहेत.

जवळचे, जोरकस आणि असंख्य

इंटरनेटचे उपग्रह दिशादर्शनासाठी आकर्षक वाटण्यामागे साधी कारणे आहेत. पहिले कारण अंतराचे. लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २०,२०० किलोमीटर आणि ५५० किलोमीटर यांतील फरक लक्षात घेता, सारख्याच शक्तीची लहर खालच्या उपग्रहाकडून तेराशे पटींनी तीव्र येईल. शिवाय हे उपग्रह सर्व पृथ्वीवर लहरी पसरवत नाहीत, तर ठरावीक भूभागावर झोत टाकतात. दुसरे कारण लहरींच्या रुंदीचे. जीपीएसचा सर्वसामान्यांसाठीचा संकेत जेमतेम दोन मेगाहर्ट्झ रुंदीचा, तर स्टारलिंकची एकेक वाहिनी २४० मेगाहर्ट्झ रुंदीची. पट्टा जितका रुंद, तितकी लहर येण्याची वेळ अधिक बारकाईने मोजता येते. तिसरे कारण वेगाचे. खालच्या कक्षेतील उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. त्यामुळे डॉप्लर चढउतार ठळक मिळतो. आणि चौथे कारण संख्येचे. शत्रूने काही उपग्रह निकामी केले, तरी हजारो शिल्लक राहतात.

अडचणीही तितक्याच ठोस आहेत. या उपग्रहांवर जीपीएससारखी महागडी आण्विक घड्याळे नाहीत. ते आपले अचूक स्थान सामान्य श्रोत्याला सांगत नाहीत. सार्वजनिकरीत्या मिळणाऱ्या कक्षांच्या माहितीत काही किलोमीटरपर्यंतची चूक असू शकते. त्यांचे झोत क्षणोक्षणी जागा बदलतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे लहरींची रचना हे कंपनीचे व्यापारी गुपित. जीपीएसचा नागरी संकेत कसा आहे, हे सांगणारे दस्तावेज कोणालाही वाचायला खुले आहेत. स्टारलिंकने असे काहीच प्रसिद्ध केलेले नव्हते.

आधी विनंती, मग कुलूपतोड

२०२० मध्ये हम्फ्रीज आणि त्यांचे सहकारी पीटर इआनुच्ची यांनी अमेरिकी लष्कराच्या अर्थसाहाय्याने एक प्रस्ताव मांडला. त्याचा सारांश असा, की इंटरनेटच्या उपग्रहांवर जीपीएस ग्राहक असतोच, त्याच्याकडून उपग्रहाला स्वतःचे स्थान व वेळ कळते. जमिनीवरच्या गोंगाटाचा उपद्रव इतक्या उंचीवर फारसा पोहोचत नाही. उपग्रहाने ही माहिती आपल्या नेहमीच्या इंटरनेट संकेतात मिसळून खाली पाठवली, की काम झाले. त्यासाठी नवा उपग्रह नको, नवे घड्याळ नको, केवळ संगणक प्रणालीत थोडा बदल हवा. या सेवेला उपग्रहांच्या वहनक्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी भाग पुरेल आणि स्थान सत्तर सेंटीमीटरपर्यंत अचूक मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. दळणवळण आणि दिशादर्शन एकाच संकेतात विलीन करण्याची ही कल्पना होती.

स्टारलिंक चालवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीने सुरुवातीला या कल्पनेत रस दाखवला. परंतु पुढे कंपनीच्या वरिष्ठांनी माघार घेतली. कारण व्यवहाराचे होते. खालच्या कक्षेत दळणवळण उपग्रहांचे जाळे उभारणाऱ्या कंपन्यांचा इतिहास दिवाळखोरीचा होता. इरिडियम १९९९ मध्ये, ग्लोबलस्टार २००२ मध्ये आणि वनवेब २०२० मध्ये त्याच वाटेने गेली. तेव्हा आधी तगून राहणे महत्त्वाचे, अन्य उद्योग नंतर, अशी कंपनीची भूमिका होती.

दार बंद झाले, तेव्हा विद्यापीठातील मंडळींनी खिडकी शोधली. कंपनीने सांगितले नाही तरी लहरी तर सर्वांच्याच गच्चीवर पडतात! नदालच्या चित्रफितींचा प्रयोग तो हाच. ग्राहकाकडे जाणारा मजकूर सांकेतिक भाषेत असतो आणि तो वाचण्याची संशोधकांना गरज नव्हती. त्यांना हवे होते ते त्या लहरीतील ठरावीक, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. कोणत्याही अंकीय दळणवळणात पाठवणारा आणि घेणारा यांचा मेळ बसावा म्हणून संदेशाच्या सुरुवातीला एक ठरलेली खूण पाठवावी लागते. मैफलीत बसलेल्या श्रोत्याला बंदिशीचे शब्द कळले नाहीत तरी तबल्याची सम कळते, तो नेमक्या जागी मान डोलावतो. तसेच हे.

कित्येक महिन्यांच्या नोंदी आणि गणिती विश्लेषणानंतर ती सम सापडली. स्टारलिंकचा संदेश सेकंदाला ७५० चौकटींत येतो, प्रत्येक वाहिनी १,०२४ उपवाहिन्यांत विभागलेली आहे, आणि प्रत्येक चौकटीच्या आरंभी जुळणीच्या दोन खुणा असतात, हे स्पष्ट झाले. हम्फ्रीज, इआनुच्ची आणि दोन संशोधक विद्यार्थ्यांच्या नावाचा हा शोधनिबंध ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकाशात आला आणि २०२३ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंपनीच्या मदतीशिवाय, केवळ या खुणांच्या आधारे सुमारे तीस मीटरपर्यंत अचूक स्थान मिळू शकेल आणि कंपनीने थोडी माहिती पुरवली तर ही चूक एका मीटरच्याही खाली येईल, असा त्यांचा अंदाज होता.

तेरा मिनिटे आणि सहा उपग्रह

टेक्सासमधील गटाने लहरीचे व्याकरण शोधले, तर दुसऱ्या एका गटाने व्याकरण न शिकताच काम भागवून दाखवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाची अर्व्हाइन शाखा आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्याशी संबंधित असलेल्या प्रा. झॅक कसास यांच्या गटाने २०२१ मध्ये सहा स्टारलिंक उपग्रहांच्या लहरी सुमारे तेरा मिनिटे टिपल्या. त्यांच्या डॉप्लर चढउतारावरून अँटेनाचे स्थान सुमारे आठ मीटरपर्यंत अचूक काढता आले. उंची आधी माहीत असल्याचे गृहीत धरलेले होते, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही ज्या उपग्रहांनी दिशादर्शनासाठी म्हणून एक शब्दही उच्चारलेला नाही, त्यांच्याकडून असे उत्तर मिळणे ही मोठीच गोष्ट. या संशोधनाला अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचे साहाय्य होते. पाणबुड्यांसाठी ट्रान्झिट उभारणाऱ्या नौदलाने साठ वर्षांनी पुन्हा त्याच तत्त्वाच्या पाठीशी उभे राहावे, हा योगायोग म्हणायचा की परंपरा?

या पद्धतीला तज्ज्ञ 'संधिसाधू' दिशादर्शन म्हणतात. शब्द आपल्या कानांना खटकतो, पण अर्थ नेमका आहे. आकाशात दुसऱ्याच्या कामासाठी ज्या लहरी वाहत आहेत, त्यांतून मिळेल ती संधी साधायची. अर्थात स्थिर अँटेनावर तेरा मिनिटांत आठ मीटर आणि वेगवान विमानात क्षणोक्षणी स्थान, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. टेक्सासमधील पुढील अभ्यासात तर उपग्रहांच्या वेळेत मधून मधून अचानक दुरुस्त्या केल्या जातात असेही आढळून आले. इंटरनेटसाठी त्या निरुपद्रवी असतात, दिशादर्शनासाठी मात्र डोकेदुखी. सारांश, यजमान आपल्या सोयीने घड्याळ फिरवत असेल, तर पाहुण्याने त्यावर विसंबून गाडी गाठणे कठीणच.

प्रबंधापासून प्रक्षेपणापर्यंत

व्यापारी उपग्रहांचा असा वापर अगदी अशक्यप्राय नाही, याचा दाखला इरिडियमने आधीच दिला आहे. १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघालेले हे ६६ उपग्रहांचे जाळे अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटामुळे वाचले. पुढे सॅटेलिस या कंपनीने २०१६ पासून याच उपग्रहांवरून वेळ आणि स्थान सांगणारी सेवा सुरू केली. तिचे संकेत जीपीएसच्या सुमारे हजारपट जोरकस असल्याने ते इमारतीच्या आतही पोहोचतात. २०२४ मध्ये इरिडियमने सॅटेलिस विकतच घेतली.

विद्यार्थ्याच्या प्रबंधातून थेट उपग्रह उडाल्याचेही उदाहरण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात टायलर रीड यांनी २०१७ मध्ये खालच्या कक्षेतील उपग्रहांच्या मोठ्या ताफ्यावरून दिशादर्शन कसे करता येईल, या विषयावर पीएच.डी. मिळवली. पुढे २०१९ मध्ये स्थापन झालेल्या झोना स्पेस सिस्टिम्स या कंपनीच्या संस्थापकांत ते होते. या कंपनीने मे २०२२ मध्ये प्रायोगिक आणि जून २०२५ मध्ये आपल्या नियोजित ताफ्यातील पहिला उपग्रह सोडला. विशेष म्हणजे ही वाट संधिसाधूपणाची नाही. उपग्रह दिशादर्शनासाठीच, पण खालच्या कक्षेत, अशी तिची कल्पना आहे.

आणि स्पेसएक्स? ज्या कंपनीने २०२० मध्ये पाठ फिरवली, तिनेच मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाला पत्र लिहून, जीपीएसला पर्याय म्हणून आपले उपग्रह स्थान आणि वेळ पुरवू शकतात, असे सांगितले. गच्चीवरील प्रयोगाचा निष्कर्ष कंपनीच्या पत्रात उतरायला पाच वर्षे लागली, एवढेच.

किल्ली कोणाच्या हाती?

या साऱ्या कथेत दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. पहिला प्रश्न गुपिताचा. टेक्सासच्या गटाने स्टारलिंकच्या लहरींची रचना उघडपणे प्रसिद्ध केली. ती अमेरिकी लष्कराला वाचता येते, तशीच तिच्या शत्रूंनाही. जुळणीच्या खुणा ठाऊक झाल्या की त्यांच्यावर नेमका गोंगाट करणेही सोपे होते. यावर संशोधकांचे म्हणणे असे, की दुबळेपणा झाकून ठेवल्याने तो नाहीसा होत नाही. लपवलेल्या रचनेवर विसंबण्यापेक्षा सर्वांनी तपासलेल्या रचनेवर विसंबलेले बरे. विद्यापीठाचे काम प्रसिद्ध करणे हे आहे आणि लष्कराचे काम गुप्त राखणे. या दोघांची भागीदारी म्हणूनच नेहमी थोडी अवघडलेली असते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. जीपीएस एका सरकारच्या हाती आहे, या कारणाने रशिया, चीन, युरोप आणि भारत यांनी आपापल्या यंत्रणा उभारल्या. तीच जबाबदारी आता खासगी कंपनीकडे गेली तर? २०२२ मध्ये क्रिमियाजवळ स्टारलिंक सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण मान्य केली नाही, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यांचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद असतील. परंतु लढाईच्या ऐन वेळी सैन्याचा डोळा उघडा ठेवायचा की मिटायचा, हे एका उद्योजकाच्या मर्जीवर ठरावे काय, हा प्रश्न कोणत्याही देशाला अस्वस्थ करणारा आहे. संधिसाधू पद्धतीचे महत्त्व इथे कळते. तिला कंपनीची परवानगी लागत नाही. उपग्रह डोक्यावरून जात आहे आणि बोलत आहे, एवढेच तिला पुरते.

भारताच्या दृष्टीने हा विषय परका नाही. आपल्या 'नाविक' यंत्रणेचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. मात्र पुढे काही उपग्रहांवरील परदेशी बनावटीची आण्विक घड्याळे बंद पडल्याने यंत्रणा अडखळली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर प्रथमच स्वदेशी आण्विक घड्याळ गेले. परंतु त्यानंतरचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये प्रक्षेपित होऊनही नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. शिवाय नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने त्यांचाही आवाज क्षीणच. म्हणजे 'मुख्य आवाज बंद पडला तर काय?' हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

त्याचे उत्तर शोधू शकणारे हात आपल्याकडे नाहीत असेही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा छोटा संदेशवाहक उपग्रह जून २०१६ मध्ये, तर मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अवकाशात गेला. उपग्रह बनवण्यापेक्षा उपग्रहाचे बोलणे ऐकणे कितीतरी स्वस्त असते. एक अँटेना, एक रेडिओ ग्राहक, एक संगणक आणि पुष्कळसे गणित, एवढ्या सामग्रीवर ऑस्टिन आणि अर्व्हाइनमधील प्रयोग उभे राहिले. स्पुटनिकची बीप ऐकत बसलेल्या त्या दोघांकडे तर याहूनही कमी सामग्री होती. आकाश सर्वांच्याच गच्चीवरून सारखेच दिसते. प्रश्न आहे, तो तिथे अँटेना घेऊन कोण बसतो याचा.